साडेपाच मीटर जास्त

‘डोक्यावरचं सगळं धरून मोजा,’ असं मोजणीवाल्या बाईंनी बजावलं होतं. ते मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे, अठरा मजल्यांची. इमारतीला कान कुठले, असं तुम्ही विचाराल. पण भिंतीलाही कान असतात हे तुम्ही ऐकलंच असेल, आणि मला तर शेकडो भिंती आहेत.

तेव्हा मी अवघी तीन मजल्यांची होते. अंगाभोवती बांबूंच्या परांच्या होत्या, आणि डोक्यातून सळया वर आल्या होत्या, न विंचरलेल्या केसांसारख्या. बाई विमानतळाच्या कचेरीतून आल्या होत्या. तीन पायांचं यंत्र मांडून त्यांनी माझ्या पायाशी आकडे टिपले आणि मग इंजिनिअर साहेबांना समजावून सांगितलं. धावपट्टीच्या टोकापासून आकाशात एक न दिसणारं तिरपं छप्पर निघतं. धावपट्टीजवळ ते बुटकं असतं आणि लांब जावं तसं उंच होत जातं. विमानांनी त्याच्या वरून यायचं आणि इमारतींनी त्याच्या खाली राहायचं. आमच्या जागेवर ते समुद्रसपाटीपासून ब्याऐंशी मीटरवर होतं. त्यातले बावीस मीटर माझ्या पायाखालच्या टेकाडानेच खाल्ले होते. माझ्या वाट्याला उरले साठ.

साहेबांचा हिशेब तयार होता. गच्चीचा कठडा धरून मी साठाला दोन वीत कमी भरणार होते. बाईंनी विचारलं, मग गच्चीवरची टाकी? लिफ्टच्या यंत्राची खोली?

“बाई, टाकी म्हणजे काय मजला आहे?” साहेब म्हणाले. “तिथे राहणार कोण, कबुतरं?”

मुकादम हसला, गवंडी हसले आणि खरं सांगते, मीही हसले. आमच्या धंद्यात उंची मजल्यांत मोजायची सवय. कोणी विचारलं, तर अठरा मजली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. टाकी कोणी मोजत नाही, जशी स्वतःची उंची सांगताना आपण टोपी मोजत नाही. बाईंनी ते बजावणीचं वाक्य पुन्हा एकदा सांगितलं, यंत्राचे पाय मिटले आणि त्या निघून गेल्या. पुढे कागदांवर गच्चीचाच आकडा चढला. गच्चीवर माझी टाकी आणि लिफ्टची खोली उभी राहिली, कठड्याच्याही वर सहा मीटर.

मग माणसं राहायला आली. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमायचा, तो हळूहळू पडद्यांनी, गाद्यांनी आणि पुस्तकांनी शोषून घेतला. माझं फार कौतुक व्हायचं. पाहुणे आले की त्यांना आधी गच्चीवर न्यायचे, कारण तिथून विमानाची चाकं मोजता यायची. विमान आलं की काचा थरथरायच्या, फोनवर बोलणारी माणसं वाक्य अर्धं सोडून थांबायची आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करायची. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे.

अकरा वर्षांनी मोजणीवाल्या बाई पुन्हा आल्या. केस पिकले होते, यंत्र मात्र नवं आणि लहान होतं. समोरच्या रस्त्यावरून त्यांनी माझ्या टाकीचा माथा टिपला, पुन्हा टिपला, आणि वहीत लिहिलं: साडेपाच मीटर जास्त.

मला राग आला होता. इतकी वर्षं विमानं गेली की नाही सुखरूप? पण आमच्या सोसायटीचे अध्यक्ष काका नेमकं हेच म्हणाले, तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की चांगल्या हवेत, चांगल्या इंजिनाने सगळीच विमानं सुखरूप जातात. ती मोकळी जागा वाईट दिवसासाठी राखलेली असते. धुकं असतं, एखादं इंजिन बंद पडतं, आणि विमान नेहमीपेक्षा खाली येतं. त्या विमानात दोनशे माणसं असतात. कोणाच्या मांडीवर झोपलेलं मूलही असतं. हे ऐकल्यावर माझा राग निवला, आणि मला आपल्याच टाकीची पहिल्यांदा भीती वाटली.

रहिवाशांची सभा खाली, गाड्या लावतात त्या जागेत भरली. हरकतीला जागाच नव्हती. टाकी जमिनीवर आणायची आणि पंपाने पाणी वर चढवायचं, हे लगेच ठरलं. पेच होता लिफ्टचा. लिफ्टवाल्या मिस्त्रीने सांगितलं की यंत्राला शेवटच्या थांब्याच्या वर दोन मजल्यांची जागा हवी. गच्चीवरची खोली पाडायची, तर यंत्र खाली घ्यावं लागेल आणि लिफ्ट सोळाव्यापर्यंतच जाईल.

सतराव्यावरची दोन्ही घरं कुलूपबंद होती. अठराव्यावरचंही एक बंद होतं. दुसऱ्यात एक ताई राहायची. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, सहा सहा महिने बाहेर. म्हणजे साठ मीटरच्या नियमाची सगळी झळ एकाच घराला बसणार होती. अध्यक्ष काका म्हणाले की दोनच तर मजले, तेवढाच व्यायाम, आणि वय काय तिचं! मग सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. चालेल ना, असं विचारलं. इतक्या नजरा अंगावर आल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, “चालेल.”

तिला चौथा महिना चालू होता. हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण तिच्या न्हाणीघराच्या भिंती माझ्या आहेत.

सुरुवातीला सगळ्यांनी खूप केलं. बाळ झालं, तेव्हा कोणी पिशव्या वर नेऊन द्यायचं, कोणी बाबागाडी. पण बाबागाडी दोन जिने रोज कोण उचलणार? म्हणून ती सोळाव्या मजल्यावरच, लिफ्टशेजारी कठड्याला बांधून ठेवली. तिथल्या दारामागे एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांना सगळे टपालआजोबा म्हणत. त्यांची चौकशी दिवसातून चारदा व्हायची. आजोबा, औषध घेतलं का, आजोबा, जेवलात का. त्यावर ते म्हणायचे की हजेरी लावून लावून मी शाळेत परत गेल्यासारखा झालोय.

अठराव्यावरच्या ताईला मात्र कोणी विचारेनासं झालं. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ती तरुण होती, शिकलेली होती, भेटली की हसायची. माझ्या जिन्याला तिची पावलं पाठ होती. आधी रोज उतरायची, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. बाळ एका कडेवर, पिशवी दुसऱ्या हातात, म्हणजे कठडा धरायला हात उरत नसे. प्रत्येक पायरीवर ती आधी पायाने चाचपायची. पंप लावूनही वरच्या नळाला पाणी करंगळीएवढंच यायचं. बादली भरेपर्यंत बाळ रडायचं, वरून विमान जायचं आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळायचे. खाली कोणाला वेगळं काही ऐकू येत नसे.

एका आठवड्यात ती उतरलीच नाही. तिसऱ्या दिवशी नळही जेमतेम उघडला. तिच्या पाठीला टेकलेली माझी भिंत तापली होती. तिला ताप होता, मित्रांनो, आणि फरशीवर बसून ती बाळाला पाजत होती, कारण उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बाळाचं रडणंही आता बारीक झालं होतं. मला सगळं कळत होतं आणि एक वीटही हलवता येत नव्हती.

त्या दुपारी टपालआजोबा वर्तमानपत्र घ्यायला दाराबाहेर आले आणि बाबागाडीशी थांबले. तिच्या दांडीवर बोट फिरवून त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. बोटाला धूळ होती. सगळं आयुष्य पत्रं वाटणाऱ्या खात्यात काढलेला माणूस! दारात पत्रं साचली की आत काहीतरी बिनसलंय, हे अशा माणसाला शिकवावं लागत नाही.

ते जिना चढू लागले. गुडघे दोन्ही कामातून गेलेले. पाच पायऱ्या, मग विसावा. सतराव्यावर तर ते पायरीवर बसलेच. मला वाटलं, आता परत फिरतील. पण ते उठले. दार वाजवलं, आणि बऱ्याच वेळाने ते वीतभर उघडलं.

“बरी आहे मी, आजोबा,” ताई आतूनच म्हणाली.

“ते मी विचारलंच नाही,” आजोबा धापा टाकत म्हणाले. “पाणी कधी प्यायलीस ते सांग.”

तिला आठवेना. दाराची कडी धरूनच ती खाली बसली आणि रडू लागली. आजोबांनी बाळाला घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टर मावशींना फोन केला. त्या सोळाव्यापर्यंत लिफ्टने आणि पुढे धावत आल्या. आणखी एक दिवस गेला असता, तर नुसत्या औषधांवर भागलं नसतं, असं त्या त्याच संध्याकाळी जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या. ऐकणारे खाली मान घालून उभे होते. अध्यक्ष काकाही त्यांत होते.

ताई बरी झाली. पुढच्या वर्षी ते कुटुंब सहाव्या मजल्यावर राहायला गेलं. माझ्या माथ्यावर आता टाकी नाही. एक लाल दिवा आहे, तोही साठ मीटरच्या आत. धुक्याच्या दिवशी विमान आलं की मी निश्चिंत असते. माझे साडेपाच मीटर कापले, ते योग्यच झालं. पण ‘डोक्यावरचं सगळं धरून मोजा,’ असं बाई म्हणाल्या होत्या, ते मला आता निराळ्या तऱ्हेने कळतं. आपण मजले मोजले, वरची माणसं मोजली नाहीत.

मित्रांनो, अठराव्यावर आता नवीन बिऱ्हाड आलंय. आई आणि तीन महिन्यांचं बाळ. तिची पावलं मला अजून पाठ झालेली नाहीत, त्यामुळे माझी चूकही होत असेल. पण परवापासून ती जिन्यावर आलेली नाही. तुमच्यापैकी कोणी लिफ्टने सोळाव्यापर्यंत येणार असेल, तर पुढचे दोन जिने चढून जा. तहान लागली म्हणून सांगा. पाणी द्यायला ती तुम्हाला आत घेईल, मग तुम्हाला बघता येईल.