फाटकातून मारलेली एक हाक

त्सेतिन्येला जायला यागोशला कुणी अडवलं नव्हतं. बुदवाच्या स्टँडवरून दिवसभर गाड्या सुटतात, समुद्र पाठीमागे टाकून वळणं चढतात आणि तासाभराच्या आत वर पोचवतात. पण वीसेक वर्षांत या गड्याला त्यातली एकही गाडी सापडली नाही. आणि पेन्शनरांच्या संघटनेनं ‘जुन्या राजधानीची एक दिवसाची सहल, गाइड आणि जेवणासह’ असा कागद लावला, तेव्हा मात्र पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी नाव देऊन मोकळा झाला.

दारिंकानं, त्याच्या बायकोनं, हे ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. “अर्धं आयुष्य तू त्या गावात काढलंस. तिथल्या फ्रिजच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलीस. आता पोरसवदा गाइड येऊन तुला त्सेतिन्ये दाखवणार?”

“जेवण आहे,” यागोश म्हणाला.

दारिंकानं त्याला आपलंही नाव द्यायला लावलं. सहलीच्या सकाळी त्याच्या हातात एक जड पिशवी दिसली. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणे औषधं. पिशवीत त्यांच्याच झाडांच्या ऑलिव्हचं तेल होतं, घरातल्या सगळ्यात चांगल्या बाटलीत भरलेलं, बुचावर मेण लावलेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही सवय नवऱ्याची जुनीच आहे हे तिला माहीत होतं. तिनं फक्त त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, “औषधं सांडू नकोस.”

ते तेल होतं गावरोसाठी. गावरो यागोशचा कुम. आमच्या डोंगरांत भावाशी भांडलेलं देव माफ करतो, कुमाशी भांडलेलं करत नाही, असं म्हणतात. कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहणारा, पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा. यागोशच्या लग्नात गावरो उभा राहिला होता. पुढे यागोश बायकोच्या गावी, खाली समुद्राकाठी राहायला गेला, तरी येणंजाणं चालूच होतं. मग गावरोच्या पोराचं, लुकाचं लग्न ठरलं. कुम म्हणून यागोशलाच बोलवायचं, यात काही प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो बोलवायला कोण आलं याचा. रीत अशी, की बापानं स्वतः यायचं, दारूची सजवलेली बाटली घेऊन. आला एकटा लुका.

यागोशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं बाटलीचं बूचसुद्धा काढलं नाही. दारातच पोराला विचारलं, “बाप स्वतः का नाही आला? पाय झडले का त्याचे?” आणि बाटली परत त्याच्या हातात दिली. कुमाचं आमंत्रण नाकारणारा माणूस आमच्याकडे शोधून सापडणार नाही. यागोशनं नाकारलं.

लग्न दुसऱ्याच कुणाला तरी उभं करून झालं. वर्षभरानं यागोशला कळलं, की गावरो तेव्हा खरंच पाय मोडून पडला होता. कारखान्याच्या जिन्यावरून घसरला होता, मांडीपर्यंत प्लास्टर होतं. पोरगं बिचारं सांगायला तोंड उघडत होतं तोवर दार लागलं होतं. हे कळलं त्या दिवशी यागोश उठून गेला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ‘कळवता आलं असतं की त्याला,’ असं तो म्हणत राहिला. मग वर्षं गेली, आणि जितकी जास्त गेली तितकं जाणं अवघड होत गेलं. स्वतःहून गेलो तर नाक कापलं जाईल, असं त्याला वाटे. सहलीचं तसं नव्हतं. सहलीत माणूस स्वतः जात नाही, बस त्याला नेते.

तर बसनं त्याला नेलं. गाइड होती तेओदोरा नावाची पोरगी, हातात मिटलेली पिवळी छत्री उंच धरून पुढे चालणारी, आणि मागून धापा टाकत पेन्शनर. तिनं मठ दाखवला, राजाचा वाडा दाखवला, ज्या खेळायच्या टेबलावरून एका आख्ख्या इमारतीचं नाव बिलियार्ड पडलं त्या टेबलाची गोष्ट सांगितली. मग रस्त्याकडेच्या झाडांखालून सगळ्या मोठमोठ्या देशांच्या जुन्या वकिलातींपुढे नेलं. मूठभर गाव, पण एके काळी सगळ्या जगाचे राजदूत इथे चिखल तुडवत होते, असं ती म्हणाली आणि सगळे हसले. यागोश हसला नाही. त्याला त्या इमारती दिसतच नव्हत्या. या कोपऱ्यावर गावरोनं त्याला पहिल्या पगाराची बीअर पाजली होती, त्या बाकावर दारिंकाला काय विचारायचं ते गावरोनं त्याला पढवलं होतं. गाइड इतिहास सांगत होती, आणि तो पिशवी पोटाशी धरून मागे मागे चालत होता.

जेवणाआधी मोकळा वेळ मिळाला. यागोश म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. “औषधं घेऊन जा,” दारिंका म्हणाली.

गावरोचं घर डोंगराच्या पायथ्याशी, गावाच्या शेवटी. फाटक तेच होतं, फक्त हिरवा रंग देऊन झाला होता. दार उघडं होतं, धुराड्यातून धूर येत होता. आमच्याकडे पाहुणा फाटक उघडून आत शिरत नाही. बाहेर उभा राहून घरधन्याला नावानं हाक मारतो, आणि घरधनी उंबऱ्यावर येऊन त्याला आत घेतो. यागोशनं पिशवी डाव्या हातात घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि पूर्वी मारायचा तशीच हाक मारली, “ओ गावरो! घरी आहेस का रे?”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणाचा तरी घोगरा आवाज आला, मग पावलं, मग कपाटाचं दार. घरात माणूस होतं, यात शंका नव्हती. यागोश उभा राहिला. कुंपणावर एक मांजर येऊन बसलं, त्याच्याकडे बघून निघून गेलं. बाहेर कुणी आलं नाही.

दुसरी हाक मारावी असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पहिली हाक पाहुण्याची, दुसरी भिकाऱ्याची, असं त्याचा आजा म्हणायचा. आवाज ऐकून घरात बसून राहिला, म्हणजे नको आहे त्याला आपण. ठीक आहे, यागोश मनाशी म्हणाला, आपण आलो होतो, आता बोट दाखवायला जागा नाही. तो वळला आणि भराभरा उतार उतरला. बाटली पिशवीत त्याच्या गुडघ्यावर आपटत होती.

खानावळीत मेंढीचं मटण आणि कोबीची भाजी आली होती. यागोशनं काटा हातात घेतला आणि तसाच धरून बसला. दारिंकानं पिशवीकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि टोमणा मारायचं सोडून त्याच्या ग्लासात पाणी ओतलं.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली, पीठ लागलेल्या ॲप्रनमध्ये, धावत आल्यासारखी. “बुदवाच्या बसची माणसं तुम्हीच ना? तुमच्यात यागोश कोण?”

यागोशच्या आधी दारिंकाच उभी राहिली. बाई म्हणाली, मी रुझा, लुकाची बायको. जिच्या लग्नाला यागोश उभा राहिला नाही ती हीच. तिच्या तोंडावर राग शोधायला यागोशनं वर पाहिलं, पण तिथे नुसती घाई होती.

“कुम, तुम्ही निघून का गेलात? ते कोट घालत होते.”

“कोण?”

“सासरे. तुमची हाक ऐकली आणि उठून उभेच राहिले. मला म्हणाले, कुम यागोश आलाय, माझा चांगला कोट काढ, जोडे काढ. चपला घालून आणि बोडक्या डोक्यानं कुमाला घरात घेणार आहे का मी? मी म्हटलं, मी पुढे होऊन त्यांना थांबवते, तर ओरडले माझ्यावर. म्हणे, मी जिवंत असताना माझ्या कुमाचं स्वागत तू करणार? मी त्यांच्या जोड्याची नाडी बांधत होते हो. एकच जोडा झाला होता. बाहेर येऊन पाहिलं तर तुम्ही नव्हता, शेजारचे म्हणाले बुदवाच्या बसची माणसं खानावळीत आहेत.”

यागोश काटा ठेवून उभा राहिला.

रुझानं पुढचं आवाज खाली आणून सांगितलं. सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे. स्वतःच्या पोराला ते तुम्ही कोण म्हणून विचारतात. कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून कुणाचं नाव आलं नव्हतं. आज त्या एका हाकेनं आलं. “लवकर चला. अजून उंबऱ्यावर उभे आहेत.”

गाइडनं घड्याळाकडे पाहिलं, जेवण झालं की लगेच बस निघणार होती. दारिंकानं पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबली. “तू जा. बस मी धरून ठेवते. बघू कशी हलते ती माझ्याशिवाय.”

यागोश चढ चढला तो जवळजवळ पळतच. रुझा मागे पडली. नाक, आजा, पाहुणा आणि भिकारी, सगळं खाली खानावळीत राहिलं होतं. फाटकापासून लांब होता तेव्हाच त्यानं हाक मारली, मग परत मारली, मग परत. “गावरो! ओ गावरो! मी आलो रे!”

गावरो उंबऱ्यावर होता. काळा कोट, सगळी बटणं लावलेली, डोक्यावर टोपी. एका पायात चकचकीत जोडा, दुसऱ्यात घरातली चप्पल. किती वाळला होता. पण उभा होता ताठ, पाहुण्याला घ्यायला उभं राहतात तसा.

“या, या,” तो म्हणाला. “आमच्या फाटकाबाहेर कुणी उभं राहत नाही.”

यागोश आयुष्यभर ज्याच्याशी अरेतुरे करत आला, त्यानं त्याला ‘या’ म्हटलं. यागोश एक पाऊल पुढे सरकला. “गावरो, मी यागोश.”

गावरोनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तो हसला, परक्या माणसाची समजूत काढावी तसं. “यागोशला ओळखता होय तुम्ही? तो बुदवाला असतो. आत्ता येऊन गेला. तापट आहे हो फार. हाक मारली आणि गेला, मला जोडे घालू द्यायलासुद्धा थांबला नाही.”

“मीच तो, कुम. बघ ना माझ्याकडे.”

“अहो, यागोशच्या मिश्या काळ्याभोर आहेत,” गावरो म्हणाला आणि त्याच्या पांढऱ्या मिश्यांकडे पाहून संकोचानं मागे सरला.

धापा टाकत आलेल्या रुझानं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून परत परत सांगितलं, हेच ते, हेच तुमचे कुम. गावरोनं मान डोलावली, पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून. खाली गावात बसचा हॉर्न वाजला, थांबला, परत वाजला. यागोशला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. कुणापासून लपवायचं होतं आता? मघाशी या दाराच्या आत त्याचा कुम पुरता शाबूत, त्याच्यासाठी धडपडत उभा होता, आणि तेव्हा त्याला एक जास्तीची हाक जड झाली होती.

त्यानं पिशवीतून बाटली काढली आणि गावरोच्या दोन्ही हातांत दिली. “हे तेल. तुमच्या कुमानं पाठवलंय.”

गावरोनं बाटली उजेडाकडे धरली, रंग पाहिला, आवडल्यासारखा. मग कपाळाला आठी पडली. रागाची नव्हती, काळजीची होती.

“तो स्वतः का नाही आला? पायाला काही झालंय का त्याच्या?”

यागोशनं बाहीनं डोळे पुसले. “हो,” तो म्हणाला. “पाय मोडलाय.”

“अरेरे.” गावरोनं त्याच्या हातावर हात ठेवला. “मग त्याला सांगा, घाई करू नको. बरा झाला की ये म्हणावं. मी पायातले जोडे काढत नाही.”