बावन्न टक्के ओल

शिवकन्येचा पहिला पेपर सोमवारी सकाळी दहाला होता, आणि गुरुवारी दुपारी तिनं हॉल तिकीट परत पेटीत टाकलं.

कारण रेशमाच्या शेडमध्ये फॉगर सुरू होता. फॉगर म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारा छोटा पंप. अळ्या चौथ्या कातीला बसल्या होत्या. कातीत त्या पाला खात नाहीत, हलत नाहीत, आणि अंगाखाली ओल तर बिलकुल चालत नाही. म्हणून तिनं सकाळीच फडक्याच्या पुरचुंडीतून चुन्याची भुकटी सगळ्या रॅकवर धुरळली होती. तो चुना आता धुक्यानं भिजून चिकट होत होता. तिनं मेन स्विच ओढला. भिंतीवरचं काट्याचं मीटर हवेत ब्याऐंशी टक्के ओल दाखवत होतं. आदिनाथचा बोर्ड दाखवत होता बावन्न.

तिचा नवरा आदिनाथ जालन्याच्या एका स्टील मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. सकाळच्या गाडीनं बदनापूरहून जायचा, दिवेलागणीला यायचा. शेड सगळी शिवकन्येवर. गेल्या एप्रिलमध्ये बाहेर बेचाळीस डिग्री होतं, आत अळ्या होत्या, आणि दर दोन तासांनी ओल बघायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे चारही पेपर तिनं सोडले. यंदा आदिनाथनं शब्द दिला होता: परीक्षेच्या दिवशी शेड बोर्ड सांभाळेल.

बोर्ड म्हणजे तळहाताएवढा संगणक. असे संगणक बाजारात पुष्कळ, आणि त्यातल्या बहुतेकांवर सगळं तयार मिळतं. आदिनाथनं मात्र रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाला घेतला. या प्रोसेसरचा मूळ आज्ञासंच खुला आहे. कुणीही परवानगी न मागता त्यावरून प्रोसेसर बनवावा. मिलमध्ये आत डोकावता न येणारी बंद डब्यांची यंत्रं सांभाळणाऱ्या आदिनाथला ही गोष्ट भलतीच भावली. अडचण एवढीच होती की या नव्या डोक्यासाठी तयार प्रोग्राम थोडे. बनवणाऱ्यांनी एक जुनी सिस्टीम दिली आणि नंतर ते गप्प बसले. इंटरनेटवरच्या चर्चेत त्याचाच प्रश्न आधी पाच जणांनी विचारलेला होता आणि उत्तर एकालाही मिळालेलं नव्हतं.

ओल मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरचा आकडा बोर्डाला समजावणारा प्रोग्राम, त्यानं दुसऱ्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या कोडवरून ओळ-ओळ बदलून बांधला. एकदा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बोर्डावरच बांधायला लावला, तर सात तास लागले. बोर्ड तापला म्हणून त्यानं तो अळ्यांच्या कूलरसमोर ठेवला. शिवकन्या दोन दिवस बोलली नाही.

आठ आठवड्यांनी, मंगळवारी, सेन्सर पहिल्यांदा रॅकला टांगला तेव्हा मीटर आणि बोर्ड दोन्ही चौऱ्याहत्तरवर आले. तिथं त्यानं थांबायला हवं होतं. पण वायफाय चालत नव्हतं, मिलमधून आकडा दिसणार नव्हता. बुधवारी त्यानं नवा कर्नल टाकला. वायफाय तरीही चाललं नाही.

आणि गुरुवारी बावन्न.

"त्यो नवा कर्नलच बाधला," आदिनाथ म्हणाला. "जुना टाकतो, बराबर होतंय."

"चालत असल्यालं तुमी छेडलंच कामून?"

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं जुना कर्नल परत टाकला. बावन्न. मग ड्रायव्हर पुन्हा बांधला. एक्कावन्न. शिवकन्येनं कातीसाठी साठाची मर्यादा सांगितली होती, त्याखाली ओल गेली तरच फॉगर; तीच त्यानं घातली होती. बोर्ड बावन्न बघून इमानदारीनं फॉगर सुरू करायचा, आणि ती बंद करायची.

आदिनाथचे चुलते आबाराव दारातल्या खाटेवरून हे सगळं बघत होते.

"आदिनाथ, तुझ्या त्या खेळण्याला ऊन लागलंय का? पोतं भिजवून टांगलं आस्तं तर आत्तापस्तोर दोन बॅचा निघाल्या आस्त्या."

"काका, जरा दम धरा."

"मी धरतो रे. अळ्यानला सांग."

शिवकन्या हसली नाही. ती हात पुसत आली आणि आदिनाथसमोर उभी राहिली. "एक सांगा. तुमचा बोर्ड जिंकायचा हाय का माझा पेपर व्हायचा हाय? दोन्ही व्हत आसलं तर चांगलंच. न्हाई तर मला आज सांगा, मंग मी पुस्तकं बांधून ठिवते."

आदिनाथ रात्री जेवला नाही असं काही झालं नाही. तो जेवला, झोपला, आणि शनिवारी, साप्ताहिक सुट्टी असून, पहिल्या गाडीनं जालन्याला गेला. राधेश्यामचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसला.

"आला का शहाणा!" राधेश्याम म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळे घेतात तो घे. दहा मिनिटांत चालू."

"दे. चार दिवसांसाठी दे."

राधेश्यामनं बोर्ड दिला आणि फुकटात बराच उपदेशही दिला. आदिनाथनं दोन्ही घेतले.

दुपारी शेडमध्ये त्यानं आपला बोर्ड सोडवला, रॅकला लटकणारा सेन्सर तसाच ठेवून वायर नव्या बोर्डाला जोडली. तयार ड्रायव्हर होता, एक ओळ लिहायचीही गरज पडली नाही. खरोखर दहा मिनिटं लागली. पडद्यावर आकडा आला.

बावन्न.

प्रोसेसर वेगळा, कर्नल वेगळा, ड्रायव्हर शेकडो लोकांनी तपासलेला. तरी बावन्न. म्हणजे तीन दिवस आदिनाथ जिथं शोधत होता तिथं चूक नव्हतीच. आठ आठवडे जे बिघडायचं ते सॉफ्टवेअरच असायचं. त्यामुळे दुसरीकडे बघायची त्याची सवयच गेली होती.

"शिवकन्या," त्यानं हाक मारली. "मंगळवारनंतर शेडात काय बदललं? कर्नल सोडून."

"काय बदलणार? गुरुवारी चुना टाकला." ती बोलता बोलता रॅकजवळ आली, आणि तिनं सेन्सर दोन बोटांत उचलला. निळ्या डबीच्या जाळीवर पांढरा थर बसून घट्ट झाला होता. "ह्यो बघा. ह्याला कशानं ओल कळंल? नाकात चुना भरल्यावर तुमाला वास येतो का? आन् टांगला बी कुठं, बराबर माझ्या पुरचुंडीच्या खाली!"

दर कातीला चुना पडतो, हे या घरात आबारावांनाही माहीत होतं. आदिनाथलाही माहीत होतं. सेन्सर टांगताना फक्त वायरची लांबी त्याच्या डोक्यात होती.

चुन्यानं बुजलेला सेन्सर त्यानं काढून टाकला. स्वतःजवळचा जादा सेन्सर मलमलीच्या फडक्यात सैल बांधला, कापलेल्या बाटलीच्या टोपऱ्याखाली, रॅकपासून हातभर दूर, भिंतीवरच्या मीटरशेजारी टांगला. आधी राधेश्यामच्या बोर्डाला जोडून बघितला, मग आपल्या. दोन्हीकडे एकोणसत्तर. मीटरवर सत्तर.

रविवारी सकाळी अळ्या कातीतून उठल्या. भिजलेल्या दोन रॅकांवरच्या काही उठल्याच नाहीत. शिवकन्येनं त्या चिमट्यानं वेचून बाजूला काढल्या. बाकीच्यांवर तुतीचा पाला पडला आणि शेडमध्ये खाण्याचा सरसर आवाज सुरू झाला.

"राधेश्यामचाच ठिवतो," आदिनाथ म्हणाला. "त्याला सगळीकून सपोर्ट हाय. तुझ्या पेपराला धोका नको."

"दोघांच्या आकड्यात फरक येतोय का?"

"न्हाई."

"मंग तुमचाच ठिवा. ह्याची एकेक ओळ तुमी बांधलीय. बिघडलं तर तुमाला कळंल कुठं हात घालायचा. त्याचं बिघडलं तर तुमी राधेश्यामच्या पायरीवर जाऊन बसताल."

अळ्या आता खात होत्या, म्हणून तिनं स्वतः नवी मर्यादा सांगितली, बहात्तर. त्यानं ती घातली. मग ती आबारावांना मीटरसमोर घेऊन गेली. "काका, बारा वाजता, दोन वाजता. ह्या काट्याचा आकडा आन् त्या पडद्यावरचा. पाचाच्या वर फरक पडला तर ह्ये बटन बंद, आन् पोती भिजवा. जमंल?"

"न जमायला काय झालं? मला काय कर्नल बांधायचाय?"

सोमवारी दोघं एकाच गाडीनं जालन्याला गेले. स्टेशनबाहेर ती परीक्षा केंद्राच्या रिक्षात बसली, तो मिलकडे वळला. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यानं कंट्रोल पॅनलच्या आडोशाला उभं राहून फोन लावला.

"काका, किती?"

"काटा एकाहत्तर. तुझं खेळणं बहात्तर." पलीकडून फॉगरचा आवाज येत होता, मग तो थांबला. "आन् आत्ता आपल्या आपण बंद बी झालं बघ. आरं, तिला कळीव की. जीव टांगणीला आसंल तिचा."

आदिनाथनं शिवकन्येचा नंबर लावला. फोन बंद होता. पेपर एक वाजेपर्यंत होता. त्यानं फोन खिशात टाकला आणि कामावर परत गेला.