बटर फ्रूटच्या सावलीतला सोलर

मित्रांनो, मी एक जुना सोलर आहे. बेंगळुरात नुसतं सोलर म्हटलं तरी पुरतं, पाणी तापवणारा असं फोड करून सांगावं लागत नाही. चामराजपेटेतल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर मला बसवलेलं आहे. अंगावर काचेची दोन तावदानं, त्यांच्याखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या नळ्या, डोक्यावर आडवी टाकी. देखणा मी कधीच नव्हतो, आणि आता तर टाकीचा रंगही उडाला आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर मध्ये कितीतरी महिने मला कशाचंच काही वाटत नव्हतं. ते कसं झालं, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये झाला. तिथे तांब्याच्या नळ्या जोडल्या, पत्र्याला काळा रंग मारला, पाणी भरून कुठे गळतंय का ते पाहिलं आणि टेम्पोत घातलं. मला विकत घेणारे रघुजी. चिकपेटेत त्यांचं अस्तराच्या कापडाचं दुकान होतं. त्यांच्या घराण्यातलं कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यामुळे या घरात बोलतात मराठीत आणि रागावतात कानडीत. दोरखंड बांधून मला वर ओढलं, तेव्हा त्यांची बायको सोयराबाई कमरेवर हात ठेवून खाली उभी होती. "ऊन पाणी तापवणार? होय की. आणि चंद्र दूध तापवणार!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात नळाखाली हात धरून तिने तो झटकन मागे घेतला, आणि शेजारच्या भव्याला हाक मारून दाखवलं. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सत्कार!

इकडे दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. न्हाणीतला तांब्याचा हंडा चिंचेने घासायचा, त्याला हळदकुंकवाची बोटं ओढायची, माळ बांधायची आणि दुसऱ्या दिवशीच्या स्नानाचं पाणी भरून ठेवायचं. मी आल्यावर हंडा माळ्यावर गेला. मग बोटं कोणाला ओढायची? सोयराबाईने स्वल्प विचार केला आणि हळदकुंकवाची वाटी घेऊन थेट गच्चीवर आली. माझ्या टाकीवर तिने पाच बोटं ओढली. तिचा मुलगा विराट तेव्हा शाळेत होता. तो पोट धरधरून हसला. मला मात्र कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं.

पण मित्रांनो, कौतुक किती दिवस टिकतं? गरम पाणी रोज यायला लागलं की ते सगळ्यांना आपोआपच आल्यासारखं वाटतं. मग लक्ष जातं उणिवांकडे. माझी पहिली उणीव म्हणजे नळ सोडला की आधी पाइपातलं थंड पाणी येतं. ते बादलीभर काढल्याशिवाय माझं पाणी खाली पोचत नाही. त्या थंड बादलीने या घरात जितकी भांडणं लावली तितकी दुसऱ्या कशानेच लावली नाहीत. ती आधी कोणी काढायची? काढून ठेवलेलं पाणी ओतून कोणी दिलं? दुसरी उणीव आषाढाची. ढग आले की मी कोमट. त्याला मी काय करणार?

या सगळ्याची सुनावणी रोज संध्याकाळी गच्चीवर व्हायची. सोयराबाई वाळलेले कपडे काढायला यायची. पलीकडच्या गच्चीवर भव्या यायची. मधला कठडा कमरेएवढा. सोयराबाई तिला "भव्याक्का" म्हणायची आणि भव्या तिला "सोयराक्का". दोघीही एकमेकींना अक्का म्हणत, कारण आपण थोरली आहोत हे कबूल करायला दोघींपैकी एकही तयार नव्हती. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. विषय एकच, दिवसभरात काय काय बिघडलं.

सोयराबाईचं कपडे धुवायचं यंत्र काम संपलं की गाणं वाजवायचं आणि दार मात्र उघडायचं नाही. विराट मोठा होऊन मारतहळ्ळीत कंप्युटरच्या नोकरीला लागला, तेव्हापासून घरात नवीनच ताप सुरू झाले. त्याने फोनवर चालणारा पंखा आणला. फोनची बॅटरी संपली की पंखा बंद कोण करणार? त्याने दाराला बोलणारी घंटा लावली. मांजर गेलं तरी ती इंग्रजीत सांगायची, दारात कोणीतरी आलं आहे. "एकदा त्या मांजराला आत बोलावून कॉफीच देते," सोयराबाई म्हणायची. तिकडे भव्याचं पाण्याचं फिल्टर रात्रंदिवस बोंबलायचं आणि दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणून गायब व्हायचा. दोघी इतक्या मनापासून वैतागायच्या, की पाहणाऱ्याला वाटावं यांच्यावर आभाळ कोसळलंय. आणि खाली उतरताना दोघींचे चेहरे न्हाऊन आल्यासारखे असायचे.

रविवारी रघुजीही वर येत. प्लास्टिकची खुर्ची ओढून बसत, हातात कॉफीचा लोटा. दोघींचं ऐकून घेत आणि अधूनमधून नुसतं "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत. जाताना जुन्या पंचाने माझ्या काचा पुसत. त्यांच्याएवढं माझं कोणी केलं नाही.

आता त्या झाडाबद्दल सांगतो. भव्याच्या अंगणात बटर फ्रूटचं, म्हणजे अव्होकाडोचं, झाड होतं. मी आलो तेव्हा ते कठड्याच्याही खाली होतं. मग ते वाढलं. अगदी निर्लज्जपणे वाढलं! आधी कठड्यावरून डोकावलं, मग एक जाडजूड फांदी सरळ आमच्या गच्चीवर आली. दुपारनंतर माझ्यावर सावली पडायला लागली आणि मी उन्हाळ्यातही कोमट व्हायला लागलो. वरून फळं पडायची. एकदा एक फळ धप्पकन पडलं आणि काचेला चीर गेली. रघुजींनी तिच्यावर पट्टी चिकटवली. ती अजून आहे.

झालं, सोयराबाईला कायमचा विषय मिळाला. "भव्याक्का, तुझ्या झाडाने माझं पाणी पळवलं बघ." भव्या म्हणायची, "फळं खाताना गोड लागतात की नाही?" "त्यांना चवच कुठे आहे! साखर मी घालते." मग दोघी हसायच्या. रघुजी दरवर्षी म्हणायचे, "यंदा फांदी उतरवायला सांगतो." कधीच सांगितलं नाही. आणि आपली खुर्ची मात्र ते बरोबर त्याच फांदीच्या सावलीत ओढून बसायचे.

मग मागच्या संक्रांतीनंतर रघुजी गेले. दुकानातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला हे कसं कळलं? त्या दिवशी गरम पाण्याचा नळ कोणीच सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सोडला तो इतका वेळ, की माझी टाकी रिकामी झाली.

त्यानंतर सोयराबाई गच्चीवर येईनाशी झाली. कपडे खालीच वाळायला लागले. पण मित्रांनो, माझा पाइप थेट न्हाणीघरात उतरतो आणि त्यातून खालचं बोलणं मला ऐकू येतं. तिने तक्रार करणं सोडून दिलं होतं. यंत्राचं गाणं वाजून वाजून थांबायचं, दार बंद, आणि ती गप्प. घंटा मांजराची वर्दी द्यायची, ती गप्प. थंड बादली काढायची सोडून ती त्याच थंड पाण्याने आंघोळ करायची. विराट दाराबाहेरून विचारायचा, "आई, गरम आलं का?" ती म्हणायची, "चालतंय." सगळ्यालाच ती चालतंय म्हणायची. जेवलीस का, चालतंय. डॉक्टरकडे जाऊ या का, चालतंय. विराट रडकुंडीला आला. "आई, एकदा ओरड तरी माझ्यावर," तो म्हणाला. ती त्यालाही चालतंय म्हणाली.

मला भीती वाटली. रघुजींच्या मागोमाग हीसुद्धा अशीच हळूहळू बंद पडणार, असं मला वाटायला लागलं. नंतर ती भीतीही गेली. काचांवर धूळ साचली, त्यावर पानं पडली, नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार जमला. विराटने न्हाणीत गीझर बसवला, पण सोयराबाई त्याचं बटणही दाबायची नाही. दिवाळीनंतर सोलर काढून टाकू, असं तो फोनवर कोणाशी तरी बोलला. मी ऐकलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ऊन आलं काय आणि गेलं काय, मला सगळं सारखंच होतं.

भव्या मात्र रोज संध्याकाळी कठड्यापाशी यायची. उभी राहायची, हाक मारायची, खालून उत्तर आलं नाही की निघून जायची. शेवटी तिने तिच्या समजुतीप्रमाणे एक गोष्ट केली. पाणी भरायचा सण उद्यावर आला होता. वर्षाच्या आत आमच्याकडे सण नव्हता, पण निदान सोयराक्काला दिवाळीचं स्नान तरी कढत पाण्याने मिळावं, म्हणून तिने नारळ उतरवणारा माणूस बोलावला आणि ती जाडजूड फांदी कापायला लावली.

करवतीचा आवाज सुरू झाला तसं खाली काहीतरी हललं. जिन्यावर पावलं वाजली. इतक्या महिन्यांनी! सोयराबाई गुडघ्यावर हात देत देत वर आली. तोवर फांदी खाली गेली होती. गच्चीवर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हाच्या मधोमध रघुजींची प्लास्टिकची खुर्ची होती.

"कोणाला विचारून कापलीस?"

भव्या आनंदाने पुढे आली होती, ती तिथेच थबकली. "अय्यो, तुझ्यासाठीच की अक्का! इतकी वर्षं तूच तर रोज सांगत होतीस."

"सांगत होते. कापा म्हणाले होते कधी?"

"मग काय म्हणत होतीस?"

"नुसतं सांगत होते! सांगायचंसुद्धा नाही का माणसाने?" सोयराबाईचा आवाज चढला. खुर्चीकडे हात करून ती ओरडली, "आता ते कुठे बसणार?"

बोलून गेली आणि मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. संक्रांतीपासून आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. भव्याचेही डोळे वाहत होते, पण ती समजूत घालायला गेली नाही. कठड्याला टेकून उभी राहिली. मग नाक पुसत म्हणाली, "माझं ते फिल्टर काल परत बोंबललं बघ. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला."

सोयराबाईने पदराने तोंड पुसलं. "तो मेला कधी आलाय?" मग ती म्हणाली, "माझ्या मशीनचं दार आज सकाळपासून उघडत नाहीय. आत चादरी कुजतायत."

"आणि मांजर?"

"त्याचं काय विचारतेस! चार वेळा येऊन गेलं."

मग दोघी बोलत राहिल्या, अंधार पडेपर्यंत. रघुजींच्या जागी "सरी, सरी" म्हणायला कोणी नव्हतं, त्यामुळे मध्येच बोलणं तुटायचं. दोघी खुर्चीकडे बघायच्या. मग भव्या म्हणायची "सरी", आणि पुन्हा सुरू व्हायचं. निघताना सोयराबाईने दोरीवर कडक वाळलेला तो जुना पंचा काढला आणि माझ्या काचा पुसल्या. पट्टी लावलेली चीर तिने जपून पुसली. हळदकुंकू लावलं नाही, कारण यंदा सण नव्हता.

दुसरा अख्खा दिवस माझ्यावर ऊन होतं. मला लगेच काही कळलंच नाही. दुपारी नळ्यांत कसलीशी हालचाल झाली, टाकी तापू लागली, आणि संध्याकाळपर्यंत मी भरपूर तापलो होतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी सोयराबाईने नेहमीसारखी थंड बादली काढली आणि मग गरम पाण्याखाली हात धरला.

"आई गं! विराट! हे पाणी आहे की रस्सा? हात भाजला माझा! कोणी सांगितलं होतं या सोलरला एवढं तापायला? आणि ही थंड बादली परत मीच काढायची का? तू काय इथे पाहुणा आहेस?"

तो हसतोय की रडतोय हे कळणार नाही अशा आवाजात विराट बाहेरून म्हणाला, "काढतो, आई. उद्यापासून मी काढतो." त्या दिवसापासून त्याने मला काढून टाकायचा विषय काढलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या सोलरच्या काचा पुसत जा, क्षार काढत जा, एवढंच सांगून थांबलो असतो. पण तुमच्या घरात कोणी यंत्रावर, झाडावर, घंटेवर रोज कुरकुरत असेल, तर लगेच करवत आणायला धावू नका. जवळ बसा आणि ऐकून घ्या. आणि कधी ती कुरकुर थांबलीच, कोणी सगळ्यालाच चालतंय म्हणायला लागलं, तर मात्र हातातलं काम टाकून त्यांच्याकडे जा.

मी आजही पूर्वीइतका तापत नाही. पण खालून शिव्या ऐकू येतात, म्हणजे ठीक चाललं आहे. कापल्या जागी बटर फ्रूटला पुन्हा पालवी फुटली आहे. सोयराबाई ती रोज बघते, अजून सावली पडत नाही म्हणून भव्याला बोल लावते आणि खुर्ची थोडी तिकडे सरकवून ठेवते.