स्थानिक ओळखीचा रकाना

"आजी, हे तीनच आकडे आहेत. मोबाईलला दहा लागतात."

मोबाईलच्या दुकानातल्या विश्वजीतने काउंटरवरून डेबोराबाईंच्या वहीत डोकावून पाहिलं. 'हासाजीमामा, पनवेल ३४१.' वही एकाहत्तर सालची. हासाजीमामाला जाऊनही तीस वर्षं झाली होती. पण वहीत नंबर आहे म्हणजे त्या घरात कुणीतरी असेल, असं त्यांना भाबडेपणाने वाटलं होतं. आता त्या ओशाळल्या.

जन्म त्यांचा पनवेलचाच. लग्न होऊन इस्रायलला गेल्या, दिमोनात मोज्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढला, नवऱ्याला निरोप दिला. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी हट्ट धरला, की सहा महिने पनवेलात राहायचं. मुलगा अवी म्हणाला, "शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आत तुझा तिथला नंबर चालू पाहिजे. नाही झाला, तर रविवारचं परतीचं तिकीट." अवी बोलला की करणारच, थेट बापावर गेलेला. आज शुक्रवार होता आणि साडेचार वाजून गेले होते. सूर्यास्ताला शब्बाथचे दिवे लावल्यावर, ज्यूंच्या रीतीप्रमाणे, बाई शनिवार संध्याकाळपर्यंत फोनला हात लावणार नव्हत्या.

पासपोर्ट परका, म्हणून अर्जही परक्यांचा. त्यात एक रकाना होता, स्थानिक ओळखीचा.

"त्या माणसाच्या फोनवर ओटीपी येणार, मग कंपनीचा कॉल," विश्वजीत म्हणाला. "दुकानदाराचा नंबर सिस्टीम घेत नाही, नाहीतर मीच दिला असता."

"अरे, पण मी इथलीच आहे!"

"मला कळतंय हो. कॉम्प्युटरला कळायला हवं ना."

घरमालक पुण्याला, फोन उचलत नव्हता. सिनेगॉगचा राखणदार रेवदंड्याला लग्नाला गेलेला. बाकी जिवाभावाची माणसं आठवायला बसावं, तर निम्मी इस्रायलात आणि निम्मी इथल्याच दफनभूमीत. डेबोराबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. आपल्याच गावात आपल्याला ओळखणारं कुणी नाही, याचं त्यांना रडू यायला लागलं.

पायरीशेजारी भामा भाजी विकायची. "काय झाला, बाय?"

त्यांनी सांगितलं. भामाने भेंड्यांवर पाणी मारता मारता विचारलं, "तुमी कुनाच्या?"

"शनवार तेल्यांच्या. बाजारात आमचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा."

भामाचा हात थांबला. "सासू सांगायची माजी. नवसाचे पोहे वाटायची ती मानसा. गूल, खोबरा घालून. सासू पदरात घेऊन यायची."

"मलिदा," डेबोराबाई म्हणाल्या.

"त्योच." भामाने ओले हात लुगड्याला पुसले, कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि सरळ दुकानात शिरली. "लिव रं माजा नंबर."

"नातं काय लिहू, भामाकाकू?"

"शेजारीन."

ओटीपी आला. भामाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने फोनच विश्वजीतच्या हातात दिला. दहा मिनिटांनी कंपनीतल्या मुलीचा कॉल आला. विश्वजीतने स्पीकर लावला.

"डेबोरा पेणकर यांना तुम्ही ओळखता?"

"हां."

"किती वर्षांपासून?"

डेबोराबाईंचा जीव टांगणीला लागला. खरं सांगायचं, तर ओळख अर्ध्या तासाची.

"मोजली नाय. आमच्या सासूच्या टायमाची हाय."

"त्या परदेशी आहेत ना? इथे कशासाठी आल्यात?"

या प्रश्नाला भामा चिडलीच. "कशाला म्हंजे? तिचा गाव हाय ह्यो! गेलती, आता परत आली."

सव्वापाचला सिम चालू झालं. भामा तोवर गिऱ्हाइकाला भेंडी तोलत होती, जणू काही घडलंच नव्हतं. डेबोराबाईंनी अवीला फोन लावला.

"लागला की, आई! ओळख कोणी दिली?"

"शेजारणीने," त्या म्हणाल्या.

"आई? ऐकू येतंय का?" अवी विचारत राहिला.

अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. बोलताच येत नव्हतं.