मोठ्यानं केलेली प्रार्थना

"दार उघडण्याआधी वारा कुठून येतोय ते बघ, मोलफ्रिड. आणि तोंड उघडण्याआधीसुद्धा."

आईला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी दाराच्या मुठीला हात लागला की मोलफ्रिडला हे ऐकू यायचंच. पहिला अर्धा भाग ती रोज पाळायची. त्या किनाऱ्यावर तो न पाळून चालतच नाही, दार बिजागऱ्यांसकट हातात येतं. दुसरा अर्धाही आपण पाळतो, असं तिला त्या बुधवारपर्यंत वाटत होतं.

ती नेमाची बाई. सकाळी सातला मेणबत्ती, एक स्तोत्र, मग वहीतल्या नावांसाठी एकेक करून प्रार्थना. ते होईपर्यंत कॉफीचा घोटसुद्धा नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, हाही नेमच.

बुधवारी शेजारची योरुन आली, ती बूट न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या हातात एक कार्ड होतं, वर फुलांचं चित्र असलेलं.

"हे कुणी लिहिलं?"

मोलफ्रिडनं ओळखलं. 'प्रिय आर्विड, तुझ्या आजारपणात आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करत आहोत.' खाली चौदा सह्या, तिसरी तिची. गेल्या गुरुवारी प्रार्थनाघरात बायकांच्या विणकाम मंडळात वॅफल खाऊन झाल्यावर हे कार्ड फिरलं होतं.

"ओड्लाउगनं लिहिलं. अगं, प्रेमानं..."

"प्रेम राहू दे. माझा नवरा बोटीवर कामाला गेलाय, असं सगळ्या गावाला वाटत होतं. तो मनाच्या दवाखान्यात आहे हे दोघींनाच माहीत होतं. एक मी, दुसरी तू."

"मी कुणाला सांगितलं नाही गं. मी फक्त प्रार्थना केली."

"मोठ्यानं?"

मोलफ्रिडनं मान खाली घातली.

"देव काय बहिरा झालाय?"

त्या प्रश्नासरशी गेला गुरुवार तिच्यापुढे जसाच्या तसा उभा राहिला. तिच्याखेरीज तेरा बायका, तेरा जोड्या सुयांची टकटक. तिची पाळी आली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि म्हटलं, "हे प्रभो, आमच्या आर्विडच्या मनावरचा अंधार दूर कर. त्या दवाखान्यात त्याला एकटं सोडू नकोस." त्याबरोबर सुया थांबल्या, सगळ्याच. त्या शांततेत तिचा आवाज थोडा थरथरला. तो कळवळ्यानं थरथरला, असं तिनं आठवडाभर मानलं होतं. आता त्या कार्डाकडे बघताना तिला कळलं, की त्या शांततेची तिला गोडी लागली होती. आपल्याला ठाऊक आहे आणि यांना नाही, याची गोडी. तिचे कान तापले. मान वर करवेना.

"शनिवारी घरी येणार होता," योरुन म्हणाली. "काल भेटायला गेले तर हे माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, 'मी प्रार्थनाघरात ऑर्गन वाजवायला बसलो की चौदा बायका माझ्या पाठीकडे बघत बसतील. त्यापेक्षा मी इथंच बरा.' येत नाही म्हणतो."

"मी त्याची माफी मागते. आत्ताच चार ओळी लिहून..."

"आणखी एक कार्ड? पुरे, बाई!"

"मग मी काय करू? तू सांग."

योरुननं बाहेर फियॉर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याकडे पाहिलं. "उद्या मंडळात उभी राहा. विश्वासानं सांगितलेलं मी फोडलं, असं म्हण. डोळे मिटून नाही आणि देवाला उद्देशून तर नाहीच. त्यांच्या तोंडाकडे बघून. आणि तो आला तर कुणी तब्येत विचारायची नाही, वॅफल घेऊन दारात यायचं नाही. रस्त्यात भेटला तर 'आज वारा आहे' म्हणायचं, बस. एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. मग मी परवा त्याला पुन्हा विचारीन. येईल की नाही, ते तोच जाणे."

"करते. शब्द देते."

"शब्द!" योरुन हसली. ते हसू मोलफ्रिडला फार लागलं. कार्ड बुटांच्या फळीवर ठेवून योरुन निघून गेली.

गुरुवारी भांडी घासताना मोलफ्रिडनं बोलण्याचा सराव केला. दर वेळी तोंडातून पहिलं निघे, "हे प्रभो." तिसऱ्यांदा निघालं तेव्हा तिनं फेसाळलेला हात तोंडावर दाबून धरला. इतक्या वर्षांत तिनं कुणाशी डोळ्याला डोळा भिडवून आपली चूक सांगितलीच नव्हती. सगळं वरच्यालाच सांगितलं होतं, तेही डोळे मिटून. तो बिचारा कधी उलटून बोलत नाही.

तेवढ्यात ओड्लाउगचा फोन आला. "येतेस ना गं? आज योरुनसाठीही प्रार्थना घेऊ. चेहरा कसा ओढलाय बघ, बिचारीचा!"

"येते. पण आज आधी मला बोलायचंय."

"हो? कुणाबद्दल?" ओड्लाउगचा आवाज एकदम जवळ आला.

"माझ्याबद्दल."

पलीकडे काही क्षण आवाजच नाही. पण या शांततेत गोडी नव्हती.

मोलफ्रिडनं कोट चढवला. विणकामाची पिशवी सवयीनं उचलली आणि पुन्हा खुर्चीवर ठेवली. हातात सुया असल्या की नजर खाली जाते. फळीवरचं कार्ड तिनं खिशात घातलं, मुठीला हात लावला आणि थांबली. वारा समुद्रावरून होता. तिनं दार दोन्ही हातांनी धरून बेतानं उघडलं, बाहेर पडून तसंच आवाज न करता लावलं, आणि प्रार्थनाघराच्या चढाला लागली.