आठची नोंद

शतक नेमकं कधी संपतं, यावर हवामान कचेरीत वर्षभर वाद चालला होता. शंभर म्हणजे शंभर, नव्याण्णव नव्हे, असं दशांशसाहेबांचं म्हणणं. जगानं एक वर्ष आधीच उरकून घ्यायचं ठरवलं त्याला ते तरी काय करणार! त्यांना दशांशसाहेब म्हणत, कारण घरी किती चपात्या खाल्ल्या हेही ते एका दशांश स्थळापर्यंत सांगतील अशी सगळ्यांची खात्री होती.

वरून हुकूम आला होता तोही याच डिसेंबरच्या मुदतीचा. देशभरातल्या केंद्रांवरची शतकाची सगळी तापमानं संगणकात चढवायची, तपासायची, आणि ज्या केंद्रात एकाही दिवसाची नोंद चुकलेली नाही त्याला पितळी पाटी द्यायची. अशी केंद्रं निघाली चार. त्यांतल्या एका केंद्रावर तिच्या वडिलांनी एकतीस वर्षं काढली होती.

ती याच कचेरीत होती, आणि तपासायचं काम तिच्याकडेच होतं.

निवृत्त झाल्यावरही वडील केंद्राच्या कुंपणाला लागून असलेल्या खोलीतच राहत होते. पाटी कुठे लावायची ती जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. तापमापक ठेवलेल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. ती महिन्यातून एकदा जायची, औषधं ठेवायची आणि चहा पिऊन निघायची. दोघांत भांडण असं नव्हतं. एक अढी होती, वीस वर्षांची.

आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. परीक्षा म्हणून तिला मावशीकडे ठेवलं होतं. इस्पितळ केंद्रापासून बसनं दोन तासांवर. आईजवळ वडील एकटेच होते, म्हणजे असायला हवे होते. पण पुढच्या वर्षी खात्याच्या समारंभात तेव्हाच्या बड्या साहेबांनी सांगितलं, की या माणसाची बायको ज्या सकाळी गेली, त्या सकाळचीही आठची नोंद वहीत आहे. टाळ्या झाल्या. वडील मान खाली घालून बसले होते. मावशीनं घरी येऊन तिथल्या तिथे निकाल दिला, माझ्या बहिणीपेक्षा याला पारा सख्खा निघाला म्हणून. तेव्हापासून घरात कुणी उशीर केला की हाच टोमणा. वडील मूग गिळून बसायचे.

आता ती त्याच महिन्याच्या पानावर आली होती. हा महिना तिनं शेवटी ठेवला होता.

आकडे नीटनेटके होते. फारच नीटनेटके. शेजारच्या तिन्ही केंद्रांवर त्या पंधरवड्यात थंडीची लाट येऊन गेली होती. वडिलांच्या वहीत त्या लाटेचा पत्ता नव्हता. दिवसाला तीन आकडे, अकरा दिवसांचे तेहतीस. त्यांत एकाच्याही शेवटी शून्य नाही की पाच नाही. माणूस मनानं आकडा रचतो तेव्हा शून्य आणि पाच टाळतो. ते सोपे, म्हणून खोटे वाटतात. पारा असली भीड बाळगत नाही.

तिनं वही मिटली आणि पुन्हा उघडली. अकरा दिवस वडील पेटीजवळ फिरकलेही नव्हते.

बाराव्या दिवशी आई गेली. त्या दिवसाचे आकडे मात्र शेजारच्या केंद्रांशी जुळत होते, एकाच्या शेवटी सरळ शून्य होतं. म्हणजे अकरा दिवस आईजवळ बसले आणि शेवटच्या सकाळी उठून नोंदीला गेले. हे जास्त लागलं तिला.

गप्प बसणं सोपं होतं. दशांशसाहेबांनी तिच्या खांद्यावरून पान पाहिलं, चष्मा पुसला, आणि आपल्याला आज काहीच दिसत नाही असं म्हणून चहाला निघून गेले. तिनं अकरा दिवसांपुढे ‘शंकास्पद’ची खूण केली. चार केंद्रांची तीन झाली.

रविवारी ती वडिलांकडे गेली. पाटीसाठी त्यांनी दोन स्क्रू काडेपेटीत घालून ठेवले होते. पाटी येणार नाही हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी काडेपेटी खिडकीत ठेवली.

“किती दिवस धरलेस?”

“अकरा.”

“बारा होते.”

तिला वाटलं, वयामुळे घोळ होतोय. शेवटच्या दिवसाची नोंद जुळते, ती म्हणाली, शून्यसुद्धा आहे.

“त्या दिवशी आकडा विचार करून रचायचंही सुचलं नाही. संध्याकाळी येऊन हाताला आले ते लिहिले. जुळले असतील.” त्यांनी खिडकीतली काडेपेटी सरळ केली. “खोटी वही लिहिली म्हणून टाळ्या घेतल्या मी. कुणाला काय सांगणार होतो?”

ती खाटेच्या कडेवर बसली. वीस वर्षांत त्या खाटेवर ती कधी बसली नव्हती. आई शेवटी काही बोलली का, एवढंच तिनं विचारलं.

“आठ वाजले का, विचारत होती. रोज तीच मला हाकलायची ना, उठा, आठ वाजले, पारा वाट बघतोय. इस्पितळातही तेच.” त्यांनी आपल्याच एका हातावर दुसरा ठेवला. “साडेनऊ होऊन गेले होते. मी म्हटलं, नाही, अजून वेळ आहे.”