कमरेच्या उबेतली रोपं

पौषातली पहाट करड्या रंगाची. डोंगर करडे, धूर करडा, दहिवराने भिजलेलं रान करडं. माती इतकी गार, की तिच्यात टाकलेलं बी कुजावं, उगवू नये.

म्हणून झुंबराबाईने दुधीचं बी घरातच जागवलं. ओल्या फडक्यात बांधून पुरचुंडी कमरेला खोचली. चार दिवस, चार रात्री. भाकरी थापताना जपली, कुशीवर वळताना जपली. सतरा वर्षांमागे कुंकू पुसलेल्या, कूस कधी न उजवलेल्या त्या देहाची ऊब बियांनी मुकाट पिऊन घेतली. पाचव्या सकाळी फडकं सोडलं, तर एकेका बीला तांदळाएवढा शुभ्र मोड!

चुलीमागच्या भिंतीशी पळसपानांचे द्रोण, द्रोणांत शेणखताची काळी माती. तिथे रोपं वाढली. पोपटी, लवदार, टवटवीत. सकाळी ती त्यांना उंबऱ्यातल्या उन्हात मांडी, सांज झाली की आत घेई. आत, बाहेर. आत, बाहेर. वीस दिवस. मनात एकच हौस: यंदा पहिलं रोप आपल्या हाताने मातीत टेकवायचं.

माघाचं ऊन तापलं, वारा मऊ झाला, रानात आळी खणून झाली. झुंबराबाई रोपांची पाटी घेऊन उतरली, तशी धाकटी जाऊ मथुरा आडवी आली. हिरव्या चुड्याच्या हातांनी तिने पाटी काढून घेतली.

"आक्का, तुम्ही बांधावरच थांबा. पहिलं रोप सवाष्णीच्या हातचं लागतं."

"अगं, इतके दिवस माझ्याच हाताखाली होती की ती!"

"ते घरातलं झालं. हे रान आहे. उगं शकुनात पाय घालू नका. जमलं तर घागरभर पाणी आणा."

झुंबराबाई बांधावर थांबली.

मथुराने पहिल्या रोपाची मान धरली आणि उपसलं. दुधीचं मूळ केसाहून नाजूक. द्रोणाचा तळ फाडून, पानासकट, मातीसकट आळ्यात ठेवायचं असतं. हे झुंबराबाईला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. तो ओठांपर्यंत आलाही. तिथेच तिने तो दाताखाली धरला.

दुसरं रोप उपसलं. तिसरं. दहावं. पांढरी मुळं तटातट तुटत गेली. दाताखालचा तो कडू शब्द झुंबराबाईने गिळला, चवीने गिळला.

मग घागर आणली. आळ्याआळ्यांत पाणी ओतलं. माती प्याली, मुळं प्याली नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी रोपं भुईला चिकटली होती, उकडलेल्या भाजीसारखी. मथुराने कपाळावर हात मारला.

"आक्का, तुमचीच सावली पडली!"

असली बोलणी सतरा वर्षं कानांवर पडत होती, आणि दर वेळी ती खोटी होती. या खेपेला ते अगदीच खोटं नव्हतं. सूर्य माथ्यावर होता. पायांशी गोळा झालेली आपली इवली, काळी सावली झुंबराबाईने पाहिली. आणि तिच्यावर घट्ट पाय रोवून ती उभी राहिली, उन्हात, एकटी.